डोक्यावरचं ढेकूळ

आमच्या गावाचा मारुतीवर जितका विश्वास नव्हता, तितका गहिनीनाथच्या मोबाईलवर बसला होता. तो बसावा म्हणून गहिनीनाथनंही काही कमी खटपट केली नव्हती. वडवणीत त्याचं बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान. हंगाम सरला की दुकानात माशा मारायच्या, नाहीतर मोबाईल बघायचा. अशाच एका रिकाम्या दुपारी त्याला ते नकाशाचं अ‍ॅप सापडलं. आभाळातून काढलेला शिवाराचा फोटो, आणि त्यावर लाल रेघांनी आखलेले गावातले सगळे गट. बोटानं मोठं करा, तुमचं शेत दिसतं. अजून मोठं करा, विहीर दिसते. शेतात जाऊन उभं राहा, तर एक निळा ठिपका दिसतो, तो म्हणजे तुम्ही. गाव बघून येडं झालं.

सरकारी मोजणी म्हणजे अर्ज करा, वाट बघा, शेजाऱ्यांना नोटिसा जाऊ द्या, मग कधीतरी साहेब येणार. गहिनीनाथ म्हणजे एक हाक आणि कपभर चहा. मोबाईल छातीशी धरून तो बांधावरून हळूहळू चालायचा, मध्येच थांबायचा, टाच रुतवायचा आणि म्हणायचा, "हितं. ठोका खुटी." लोक ठोकायचे. गावात त्याला मोजणीसाहेब म्हणू लागले. म्हणणारे चेष्टेनं म्हणायचे, हा मात्र मनापासून ओ द्यायचा.

छबुबाईची चिंच अशीच गेली. नवऱ्यामागं एकटीनं शेत करणारी ही बाई. तिच्या बांधावर तिच्या सासूनं लावलेली चिंच होती. चुलत दिरानं वाद काढला, गहिनीनाथला बोलावलं, आणि निळा ठिपका चिंचेजवळ उभा करून गहिनीनाथ म्हणाला, "वहिनी, झाड रेघेच्या पल्याड हाय. तुमचं न्हाई." दिरानं आठवड्याच्या आत झाड तोडून लाकूड विकलं. छबुबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली. "मोबाईल कावून खोटं बोलंल?" असं तीच दुसऱ्या बायकांना सांगायची.

अ‍ॅप उघडलं की आधी एक पान यायचं. वर बारीक अक्षरांत काहीबाही, खाली 'मान्य आहे'. गहिनीनाथचा अंगठा त्यावर आपोआप पडायचा. वर काय लिहिलंय ते त्यानं कधी वाचलं नाही. तुम्ही-आम्ही तरी कुठं वाचतो म्हणा.

दुसऱ्याचे बांध दाखवता दाखवता त्याला एक दिवस स्वतःचा बांध बघायची हुक्की आली. त्याचं शेत सडकेला लागून. शेजारी तानाजीचं. दोघांच्या मधून एक गाडीवाट आत जाते आणि भिमाबाईच्या शेतात संपते. भिमाबाई, तिचा मुलगा प्रवीण आणि सून पंचशीला तिथंच शेतात घर करून राहतात. प्रवीण कारखान्यावर नोकरीला, म्हणून शेत आणि म्हशी या दोघी सासू-सुनाच बघतात. त्यांना सडकेवर यायला ही एकच वाट. दूध त्या वाटेनं, कापूस त्या वाटेनं, दवाखाना त्याच वाटेनं. गहिनीनाथ लहान असताना भिमाबाईच्या बैलगाडीला लोंबकळत याच वाटेनं सडकेपर्यंत गेलेला आहे.

मोबाईलवर लाल रेघ पार वाटेच्या पलीकडं, तानाजीच्या तुरीत पडलेली दिसली. म्हणजे सगळी वाट गहिनीनाथच्या गटात! त्यानं तीनतीनदा बघितलं. मग तानाजीला बोलावून दाखवलं.

"तुज्या तुरीतलं मी कायबी मागत न्हाई," गहिनीनाथ मोठ्या मनानं म्हणाला. "पर वाट माजी हाय. मी ती बंद करतो. ह्यांनी मागच्या वढ्यानं जावं."

ओढ्याच्या बाजूनं माणूस धड जात नाही, गाडी कुठली जाणार? हे तानाजीला चांगलं माहीत होतं. पण आपली तूर वाचली या आनंदात तो गप्प राहिला. माणूस स्वतःची तूर वाचली की दुसऱ्याच्या वाटेवर बोलत नाही.

गावात तेव्हा कुणाच्या तरी शेततळ्याला जेसीबी आलेला होता. गहिनीनाथनं तो बोलावला आणि वाटेच्या तोंडाशी आडवा चर मारला, चांगला छातीइतका खोल. निघालेली माती आपल्या शेतातल्या खोलगट भागात टाकून घेतली. तिथं पाणी साचायचं, भर हवीच होती. एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखा तो खुशीत घरी गेला.

सकाळी पंचशीला दुधाच्या किटल्या घेऊन आली आणि चराच्या काठावर थबकली. गहिनीनाथ सडकेवरच होता. हे कधीतरी होणार म्हणून थांबलाच होता म्हणा.

"नाना, हे काय केलं?" ती म्हणाली.

"मोबाईल बघ बाई," त्यानं चरावरून हात लांब करून पडदा तिच्यापुढं धरला. "वाट आमच्यात हाय."

"मला मोबाईल कावून दावता? ह्या वाटंनं मी सासरी आले. वाट कुणाच्याबी गटात असंना, बंद कशी करता?"

गहिनीनाथनं पडदा आणखी पुढं केला. "रेघ खोटी न्हाई बोलत." पंचशीला किटल्या काठावर ठेवून चरात उतरली, किटल्या खाली घेतल्या, पलीकडं वर ठेवल्या आणि हाताला आधार शोधत वर चढली. गहिनीनाथनं हात पुढं केला नाही. द्यावासा वाटला होता. पण आता हात दिला तर चर कशाला मारला, असं होईल, म्हणून तो खिशात राहिला.

पंचशीला तरणीताठी, ती चढली-उतरली. भिमाबाईचे गुडघे गेलेले. तिचं सडकेवर येणंच बंद झालं. तिचा पौर्णिमेचा विहार चुकला, वडवणीचा बाजार चुकला. घरात वेचलेल्या कापसाची रास लागली, आणि टेम्पो आत येईना. म्हातारी रोज काठी टेकत चरापर्यंत यायची आणि पलीकडच्या काठावर बसायची. सडकेनं जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, "बरं हाय का?" लोक हो म्हणायचे आणि पाय उचलायचे. गावाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ज्यानं त्यानं गहिनीनाथकडून बांध मोजून घेतलेला. रेघ तिथं खोटी म्हटली, तर आपल्या बांधावर खरी कशी म्हणायची?

शेवटी सरपंचानं पारावर बैठक बोलावली. भिमाबाईला पंचशीलानं आणि आणखी एका बाईनं धरून, चरावर फळी टाकून कसंबसं पार केलं. ती पाराच्या खाली, सावलीत बसली. गहिनीनाथनं मोबाईल फिरवला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मला त्यातलं कळत न्हाई," भिमाबाई म्हणाली. "सरकारी मोजणी बोलवा. मोजणीवाला म्हनंल ती हद्द. अन् वाटंचं तहशीलदार सांगंल. आमी आईकू."

एवढ्यानं गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. गावानं डोक्यावर घेतलेला मोजणीसाहेब तो, आणि ही म्हातारी त्याच्यासमोर दुसरा मोजणीवाला मागते! पण चारचौघांत रागावणं बरं दिसत नाही. म्हणून तो हसला, आणि आपण फार उदार आहोत असं समजून बोलला.

"मोजणी कशाला पायजे भिमाबाई? गावाच्या हद्दी दावायचं काम तर पयल्यापासून तुमच्याच घराकडं होतं. भांडण झालं की तुमचा मानूस डोक्यावर मातीचं ढेकूळ घ्यायचा, शपथ घेऊन चालायचा, अन् तो चालंल ती हद्द. माझा आजा सांगायचा. मंग तुमीच घ्या डोक्यावर ढेकूळ अन् चाला. चालाल ती वाट तुमची. मी हा मोबाईल बंद करून खिशात टाकतो. बोला!"

कोपऱ्यात एकजण फिस्सकन हसला. आणखी दोघे हसले. मग पार गप्प झाला. गावकीची ती कामं त्यांच्या आळीनं कधीच टाकून दिली होती, आणि कशासाठी टाकली होती हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणीतरी आता खाकरेल, कुणीतरी म्हणेल, 'नाना, आसं बोलू नगं,' असं ज्याला त्याला वाटत होतं. ज्यानं त्यानं दुसऱ्याची वाट बघितली.

भिमाबाईनं पदर सारखा केला. आवाज चढवला नाही. "माझ्या सासऱ्यानं छप्पन सालीच ते ढेकूळ खाली ठिवलं, नाना," ती म्हणाली. "आता मी उचलू व्हय?"

"चला आई," पंचशीला म्हणाली. "उद्याच दोन्हीकडं अर्ज देते मी. मोजणीचा येगळा, वाटंचा येगळा."

गहिनीनाथ घरी आला, तेव्हा पारावरचं सगळं त्याच्या आधी घरी पोचलेलं होतं. वनमाला, त्याची बायको, आणि पंचशीला एकाच बचत गटात. दोघी मिळून पापड लाटायच्या. वनमालानं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि ती दाराकडं तोंड करून उभी राहिली.

"मी वाईट बोललो का?" त्यानं विचारलं. "उलट तिच्यावर सोडलं मी समदं."

"तुमच्या आजाच्या डोक्यावर कुनी ढेकूळ दिलं व्हतं का कधी?" वनमाला म्हणाली.

त्यानं घास हातात धरला आणि तसाच ताटात ठेवला. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली. बचत गटाच्या बैठकीलाही गेली नाही. त्यानं कारण विचारलं, तर म्हणाली, "पंचशीलापुढं कोनचं तोंड घेऊन बसू?"

खरं सांगायचं तर गहिनीनाथला त्याच रात्री कळलं होतं की आपण माती खाल्ली. पण माती खाल्लेला माणूस लगेच तोंड उघडत नाही, दात दिसतात ना. मोजणीत रेघ आपलीच खरी ठरेल, मग आपण होऊन वाट मोकळी करू, म्हणजे मोठेपणाही राहील, असा त्याचा हिशेब. लाज वाटत होती, पण ती जिंकल्यावर वाटून घेऊ, असं त्यानं ठरवलं.

मोजणीवाली बाई आली ती कापसाची शेवटची वेचणी चालू असताना. तालुक्याहून दोन माणसं आणि तिवईवरचं यंत्र घेऊन आली. नोटिसा आधीच पोचलेल्या, त्यामुळं गहिनीनाथ होता, तानाजी होता, आणि ज्यांचा काही संबंध नाही असं निम्मं गाव होतं. पंचशीलानं त्या दिवशी मुद्दाम कापसाचा टेम्पो सांगून ठेवलेला. तो सडकेवर उभा. भिमाबाई तिच्या जागी, चराच्या पलीकडं.

बाईनं आधी शिवेवरचा जुना दगड शोधून काढला, मग दुसरा, आणि तिथून माप आणायला सुरुवात केली. गहिनीनाथ मोबाईल घेऊन तिच्या मागं मागं. "मॅडम, ह्याच्यात बघा ना. रेघ पार तिकडं तुरीत हाय." ती बघेना. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिनं मान वर केली.

"काका, फोटो एकीकडचा, रेघा दुसरीकडच्या. एकमेकांवर ठेवल्या म्हणून जागच्या जागी बसतातच असं नाही. कुठं सरकतात, कुठं फिरतात. अ‍ॅप उघडतानाच लिहिलेलं असतं की."

"कुठं?"

"बंद करून परत उघडा."

त्यानं उघडलं. ते पान आलं. सवयीनं अंगठा 'मान्य आहे'वर जाणार, तेवढ्यात छबुबाईनं विचारलं, "काय लिवलंय बाई त्यात?" छबुबाईला वाचता येत नाही. गहिनीनाथ वाचेना. मग तानाजीनं त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि एकेक शब्द तोडून मोठ्यानं वाचलं. हा नकाशा फक्त माहितीसाठी आहे. हद्द ठरवायला किंवा मोजणीसाठी वापरू नये.

तोवर बाईच्या माणसांनी फक्कीची पांढरी रेघ ओढत आणली होती. ती तुरीत गेली नाही आणि गहिनीनाथच्या शेतातही आली नाही. गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मधून, गवताच्या पट्ट्यावरून, चराच्या काठापर्यंत आली. अर्धी वाट याच्यात, अर्धी त्याच्यात. जुन्या माणसांनी दोघांच्या बांधावर सोडलेली वाट, जिथं सोडली होती तिथंच होती.

"वाटेचा हुकूम तहसीलदार देतील," बाई यंत्र आवरता आवरता म्हणाली. "पण एक सांगते. सगळी वाट तुमच्याच गटात निघाली असती, तरी तुम्हाला ती अशी खोदता आली नसती. पिढ्यांची वहिवाट आहे ही." पंचशीला पहिल्या सकाळी हेच बोलली होती. गहिनीनाथनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

गहिनीनाथला वाटलं, कुणीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात. बोलली ती छबुबाई, आणि तिला शिव्या द्यायच्याच नव्हत्या. ती खरोखरच विचारत होती.

"नाना, मंग माझी चिंच?"

छबुबाई उत्तराची वाट बघत उभी होती. भोळी बाई, तिला अजूनही वाटत होतं की नानाकडं काहीतरी उत्तर असेल. आसपासच्या माणसांच्या नजरा हळूहळू आपापल्या बांधाकडं वळायला लागल्या होत्या. कुठल्या कुठल्या शेतात आपण टाच रुतवली, हे गहिनीनाथला एकामागून एक आठवायला लागलं. उभ्या जागी जमीन दुभंगावी म्हणतात, तसं त्याला झालं. चर समोरच होता, पण त्यात उडी टाकायचीही सोय नव्हती, पलीकडं भिमाबाई बसलेली.

त्यानं जेसीबीवाल्याला फोन लावला. तो गेवराईकडं कामावर. म्हणाला, जमलं तर परवा. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. त्याला आणखी एक भाडं होतं.

मग गहिनीनाथ शेतातल्या अवजारांच्या कोठ्यावर गेला आणि खोरं-घमेलं घेऊन आला. चरातली माती खोलगट भागात नेऊन टाकलेली, म्हणजे आता तिथून उचलून आणायची. त्यानं घमेलं भरलं. उकरलेली माती उन्हानं वाळून तिची ढेकळं झाली होती. भरलेलं घमेलं एकट्याला उचलेना. कडेला बायकांत उभी असलेली वनमाला पुढं आली. तिनं कमरेला खोचलेल्या फडक्याची चुंबळ केली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं घमेल्याला हात लावला. इतक्या दिवसांनी ती त्याच्या इतकी जवळ आली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तो चालायला लागला. खोलगटातून वाटेवर आला आणि वाटेनं चराकडं निघाला. चार पावलं टाकली, आणि गावाची शांतता त्याच्या कानात शिरली. ती नुसती शांतता नव्हती. सगळे त्याच्या डोक्याकडं बघत होते. डोक्यावर ढेकळं, पायाखाली फक्कीची रेघ, आणि निम्मं गाव दोन्ही बाजूंना. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो थांबला. घमेलं टाकून पळावं असं वाटलं, पण मान हलवली तरी माती सांडेल, म्हणून तो तसाच ताठ उभा राहिला. घाम आणि माती मिळून डोळ्यांत उतरली. त्याचं त्याला बरंच वाटलं. डोळ्यांतून पाणी कशानं येतंय, हे कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

पारावर हसलेला तोच माणूस आताही फिस्सकन हसला.

"हसू नगा रे," चराच्या काठावरून भिमाबाई म्हणाली. काठीवर भार देत ती उठायला बघत होती. पंचशीलानं तिला धरलं. म्हातारी दोन पावलं त्याच्याकडं आली आणि त्याच्याकडं बघून, तो लहान असताना बोलायची तसं, अरे-तुरेत बोलली.

"खाली ठेव ते बाबा. डोक्यावर नगं घेऊस. कुनाच्याच डोक्यावर बरं दिसत न्हाई ते."

मग सुनेकडं वळून म्हणाली, "पंचे, गोठ्यातला आपला हातगाडा दे त्याला."

पंचशीला लगेच हलली नाही. सासूकडं बघत राहिली. मग वळली आणि घराकडं गेली. गहिनीनाथनं गुडघे वाकवून घमेलं खाली ठेवलं आणि तिथंच, रेघेवर, मातीकडं बघत उकिडवा बसला. वाटेवरून हातगाड्याच्या चाकाची करकर जवळ जवळ येत होती, आणि त्याला मान वर करता येत नव्हती.